वास येतो तोवर

३ डिसेंबर
दुपारी पुन्हा तो वास. सडलेल्या अंड्याचा. मधल्या खोलीत, ह्यांच्या पेटीपाशी. सासूबाईंना विचारलं.
"माळकरीना घरमा अंडासना वास? डोकं फिरनं का तुन्हं?"
खरंच आहे. या घरात अंडं कधी आलं नाही. पण वास ओळखीचा. हे गुजरातच्या रिफायनरीतून सुट्टीवर यायचे तेव्हा कपड्यांना असायचा. दोनदा धुतले तरी.

५ डिसें.
पेटी उघडली. नुसते बूट. कपडे तेराव्याला देऊन टाकले, बूट कंपनीतून उशिरा आले. कोणाला द्यावेत असं वाटेना. नाक लावून पाहिलं. बुटांना वास नाही. खोलीला आहे.
हे म्हणायचे, वास येतो तोवर भ्यायचं नाही. टाकीतला गॅस वाढला की नाकच मरतं, वास बंद होतो. तेव्हा पळायचं. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातही तेच आहे. बोट ठेवून दोनदा वाचलं.

८ डिसें.
सुनीलभाऊ जाणार. धाकटे दीर. तीच रिफायनरी, तेच टाकी साफ करायचं काम. मुकादम सगळी टोळी आपल्याच गावातून नेतो. म्हणतो, एका गावची माणसं एकमेकांना सांभाळतात.
सांभाळलंच की. टाकीत शेजारचा भिका पडला, त्याला ओढायला हे उतरले. तोंडाला काही न लावता. दोघंही...

९ डिसें.
भाऊंना जेवताना सांगितलं, "कोणी पडनं तरी आत उतरानं नही. बाहेरतून हाक मारा. माले वचन द्या."
"गावना मानूस आत पडना, अन् मी बाहेर उभा ऱ्हाऊ?"
"हा."
"दादा ऱ्हायना व्हता का?"
भाकरी तशीच ठेवून उठले. वचन नाही दिलं.

११ डिसें.
भाऊंनी पेटीतले बूट घालून पाहिले. बरोबर बसले. अंगणातून चालत आले तेव्हा मी चुलीपाशी होते, पाठमोरी. तीच पावलं. डाव्या टाचेचा घासता आवाज. भाऊ तसे चालत नाहीत.
वळले नाही. वास फार होता.

१४ डिसें.
शहादा स्टँडवर सोडायला गेले. सारंगखेड्याच्या यात्रेची गर्दी, घोड्यांचे टेम्पो. भाऊ हसले, "वैनी, येतांना तुले घोडा लयसू." सुरतेची गाडी लागली. ते चढेपर्यंत वास होता. गाडी वळली आणि एकदम गेला.
बरं वाटलं.

१५ डिसें.
दूध उतू जाऊन करपलं. सासूबाई अंगणातून ओरडत आल्या. मी चुलीसमोरच बसलेली. मला वास आला नाही.
उदबत्ती लावली. नाही. रॉकेलची बाटली उघडली. नाही.
आज भाऊंचा पहिला दिवस. फोन लावला, नुसता वाजतो. मोबाईल गेटवर ठेवून घेतात, माहीत आहे मला.
परत लावते.