आईची छिन्नी आणि माझे गुडघे

मी, पंकजा सूर्यभान धोत्रे, वय ६४, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, राहणार राहुरी, जिल्हा अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, त्याला दाखला लागत नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव धाकटा भाऊ कल्याण याला, बिनशर्त. लहानपणी माझ्या वाट्याची भाकरीही तो असाच खायचा.

२. आईची छिन्नी व हातोडा कल्याणची मुलगी रेश्मा हिला. आमची आई लंकाबाई गावोगाव जात्यांना टाकी लावायची, म्हणजे झिजलेल्या दगडावर छिन्नीने बारीक खाचा पाडायची. दगडावरून बोट फिरवून म्हणायची, "गुळगुळीत जातं दाना धरत न्हाई. आन लई खोल घाव घातला की पिठात कच येती."

पुढे पुण्याच्या प्रयोगशाळेत मी सांध्यातल्या कूर्चेच्या पेशी वाढवायचे. गुळगुळीत बशीत त्या चपट्या पसरत आणि कूर्चा बनवणे सोडून देत. साहेब म्हणाले, तुमच्या हाताला गुण नाही. मी हट्टाने बशीच्या तळाला केसाच्या हजाराव्या भागाएवढे खड्डे पाडून घेतले. पेशी गोल राहिल्या, कूर्चा बनवू लागल्या. खड्डे जरा मोठे झाले की पुन्हा बिघडायचे. आईला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "म्हंजी येवढं शिकून तू टाकीच लावतीस व्हय?" तिच्या त्या हसण्याची मला रोज आठवण येते. साहेबांना माफ केलेले नाही, याची नोंद असावी.

३. माझ्या दोन्ही गुडघ्यांची कूर्चा त्याच प्रयोगशाळेला. झिजलेली चालते, विचारून घेतले आहे. पण पेशी जिवंत हव्यात, म्हणून पाहुण्यांना कळवण्याआधी तिथे फोन करावा. आई जाताना म्हणाली होती, "माजे गुडघे ने तुज्या बशीत." कल्याण दारात आडवा उभा राहिला, "आईला अर्धीमुर्धी लावून द्यायची व्हय?" मी प्रयोगशाळेला फोन केलाच नाही. ते अजून सलते.

माझ्यामागे संमती त्याचीच लागेल. तो नाही म्हणाला तर हे कलम नुसता कागद. तरीही घर अडवून होकार मागणार नाही. आईने तसे शिकवले नाही.

ठिकाण : राहुरी
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५
सही : पंकजा सूर्यभान धोत्रे

साक्षीदार :
१. एस्तेर थॉमस साळवे, शेजारीण
२. कानिफनाथ बाबुराव तनपुरे, निवृत्त शिक्षक

कलम ३ वाचून कल्याणने स्वहस्ते लिहिले :
आक्का, आईच्या येळंला माजं चुकलं. फोन मीच करीन. पन तू घाई करू नगंस.