कोरी पट्टी

सर,

मागच्या आठवड्यात आपल्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमधून फोन आला. तिथं नव्यानं शिकवायला लागलेली एक मुलगी बोलत होती. माळ्यावरच्या जुन्या लॅबच्या वह्या काढतायत, रद्दीत टाकण्याआधी ज्याच्या त्याला विचारतायत. "मॅडम, तुमच्या पाच आहेत. लई जशो ने?" असं तिनं गुजरातीत विचारलं, आणि मी हो, घेऊन जाते म्हणाले. शनिवारी गेले. सयाजीगंजात गाडी लावायला जागा मिळेना, शेवटी स्टेशनच्या बाजूला लावून चालत आले. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. लॅबमध्ये आता वातानुकूलन आहे, काळ्या फळ्याच्या जागी पांढरा बोर्ड आहे, आणि खिडकीजवळचं तुमचं स्टूल कुठंच दिसलं नाही. त्या मुलीनं वह्या पिशवीत घालून दिल्या, चहा विचारला. मी नको म्हणून निघाले, कारण चौथी वही उघडायची मला भीती वाटत होती आणि ती कुणासमोर उघडायची नव्हती. आता ती जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर उघडी आहे.

आधी तुमच्या स्वयंपाकघराबद्दल लिहिते, मला अजून तिथंच बरं वाटतं. दांडिया बाजारात, पहिल्या मजल्यावर, खालच्या देवळाची घंटा थेट ओट्यापर्यंत ऐकू यायची. महिन्यातून एका रविवारी तुम्ही आम्हा विद्यार्थ्यांपैकी एकाला घरी बोलवायचा, पट्ट्या करायला. साबुदाणा पाण्यात उकळायचा, गाळायचा, त्या खळीत पोटॅशियम आयोडाइड घालायचं, गाळणकागद बुडवायचा आणि गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून सावलीत वाळवायचा. मग कात्रीनं बोटभर पट्ट्या. बाजारात तयार मिळत होत्या, पण त्या आळशी लोकांसाठी असं तुमचं मत. काकू दारात उभ्या राहून लक्ष ठेवत. "तुमचं ते आयोडाइड काचेत कालवा हं. माझ्या पातेल्याला लावाल तर याद राखा, एकादशीला त्यात खिचडी करायची असते मला." तुम्ही "हां बेन, हां" म्हणून त्यांनाही बेन करून टाकायचा, आणि त्या चिडायच्या. "बायकोला कुणी बेन म्हणतं का हो?" मी हसून हसून खळी सांडली होती एकदा. ती तुम्ही स्वतः पुसलीत.

पट्टीचं काम एवढंच, की ब्लीचसारखं काही शिल्लक असेल तर थेंब टेकवताच ती काळीनिळी होते. सगळं ब्लीच हायपो घालून मारलं असेल तर तशीच पांढरी राहते, फक्त थेंब वाळला की तिथं एक सुरकुतलेला गोल उरतो, पापडावर पाणी पडून वाळल्यासारखा. तुमचा नियम होता की रिॲक्शन सुरू करताना एक आणि थांबवल्यावर एक अशा दोन पट्ट्या वहीत चिकटवायच्या, शेजारी वेळ लिहायची. शनिवारी तुम्ही प्रत्येक पानाखाली निळ्या शाईनं सही करायचात. बाकीच्या डिपार्टमेंटमध्ये आम्हाला पट्टीवाले म्हणायचे. आम्हालाही तेव्हा ते सगळं सोवळ्यासारखं वाटायचं.

आपण जो रेणू बांधत होतो तो डोंगरातल्या एका झाडाच्या सालीत सापडतो. तुम्ही मी यायच्या आधी अकरा वर्षं त्याच्या मागे होता. सतरा पायऱ्या चढून गेलं की त्याच्यावर दोन अल्कोहोल उरत, एक टोकाला, एक मधे. मधल्याला हात लावायचा नाही. टोकाच्याचं ऑक्सिडेशन करायचं, तेही अर्धंच, ॲल्डिहाइडपर्यंत. तिथं थांबलं नाही तर त्याचं ॲसिड होतं, आणि ॲसिडला मागं आणायला जी जोरकस रसायनं लागतात त्यांनी रेणूचे बाकीचे जोड तुटतात. माझे बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, म्हणून तुम्ही मला रेल्वेच्याच भाषेत समजावलं होतं. "बडोद्याहून निघालीस, विश्वामित्रीला उतरायचंय. डुलकी लागली की थेट मियागाम. आणि परतीची गाडी नाही, समजलीस?" तेव्हा सगळे मधल्या अल्कोहोलला आधी झाकून ठेवत, मग टोकाचं काम करत, मग झाकण काढत. तुम्ही म्हणत होता की झाकायची गरजच नाही. बर्फाच्या पाण्यात फ्लास्क, रिॲक्शनला चालना देणाऱ्या केशरी पुडीची एक चिमूट, थेंबथेंब ब्लीच, आणि एका तासात हायपो. ते ब्लीच आपोआप टोकाच्यालाच धरेल. यावर पैज लावायला तुम्ही तयार होता, आणि ती बघायला माझ्या हातात चौदा महिन्यांत साठवलेला एकशे वीस मिलिग्रॅम माल होता.

तो गुरुवार होता. मला बघायला चार वाजता पाहुणे येणार होते. सकाळीच मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही परीक्षेच्या कामाला निघाला होतात. "मग आज कशाला लावतेस? उद्या निवांत लाव. शांतिथी कर," तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, "दीडपर्यंत होऊन जाईल सर." "बराबर?" "एकदम बराबर." तुम्ही माझ्याकडे बघून हसलात आणि गेलात. मी साडेबाराला ब्लीच घालायला सुरुवात केली. सुरुवातीची पट्टी लावली, ती काळीनिळी झाली, चिकटवली. आणि मग घाईघाईत हायपो न घालताच, फ्लास्क फिरत ठेवून मी घरी गेले. आईनं निळी साडी काढून ठेवली होती. मुलाच्या मावशीनं विचारलं, केमिस्ट्री म्हणजे पुढे शाळेतच ना. कळवतो म्हणाले, ते अजून कळवतायत.

सकाळी बर्फ वितळून गेला होता. काय तयार झालंय ते बघायला छोट्या प्लेटवर थेंब चढवून पाहिला. वर जिथं ॲल्डिहाइड असायचं तिथं काहीच नव्हतं, सगळा माल खाली, तळाशी बसला होता. ॲसिड. मी स्टुलावर बसले, तुमच्या. मग उठले आणि वहीत लिहिलं, "एक तास. हायपो घातला. पट्टी पांढरी." डब्यातून एक नवी पट्टी काढली आणि चिकटवली. अक्षर नेहमीसारखंच आलंय, आज बघतेय तर उलट जरा जास्तच नीट आलंय.

शनिवारी तुम्ही प्लेट उजेडात धरून पाहिलीत. मग पान वाचलंत. "वेळेत थांबवलीस, तरी पुढे गेली," असं दोनदा म्हणालात, मला नाही, स्वतःलाच. तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, पण तुम्ही सही करत होता, आणि सही करून झाल्यावर तुम्ही जे म्हणालात त्यानंतर मला बोलता आलं नाही. तुम्ही म्हणालात, "तुझी काही चूक नाही बेन. रेणूच तसा आहे. माझाच अंदाज चुकला." आणि फळ्यावर कितीतरी दिवस कुणालाही न पुसू दिलेला तो मार्ग तुम्ही स्वतःच्या हातानं पुसलात. त्या जागी झाकणांचा मार्ग लिहिलात, सहा पायऱ्या जास्त. माझ्यानंतरच्या दोघांची वर्षं त्यात गेली. रेणू कधीच पुरा झाला नाही. माझ्या प्रबंधात मात्र एक वाक्य छापलं गेलं की ही पद्धत या रेणूवर चालत नाही. खाली मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव.

मग मी औषधाच्या कंपनीत लागले. तीनेक वर्षांनी एका रविवारी तुम्ही घरी बोलावलंत. काकू ओट्याशी शेंगदाणे भाजत होत्या. तुम्ही टेबलावर एका पेपरची झेरॉक्स ठेवलीत. परदेशातल्या लोकांनी आपलाच रेणू बांधला होता, आणि अठरावी पायरी आपलीच होती. बर्फ, केशरी पूड, ब्लीच, एक तास. झाकण नाही. शंभरातले ऐंशी भाग ॲल्डिहाइड. "वाच," तुम्ही म्हणालात, आणि मी वाचत असताना चष्मा पुसत बसलात. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता सर. तुम्ही खूशही होता थोडे, तुमचं म्हणणं खरं निघालं म्हणून, आणि त्याच वेळी तुमचे डोळे भरलेले होते. "आपल्या हातून काय राहिलं असेल ग?" तुम्ही विचारलंत. किती साधेपणानं विचारलंत. आणि मी म्हणाले, "त्यांचं ब्लीच ताजं असेल." काकूंनी बशी पुढे केली. मी शेंगदाणे खाल्ले.

त्यानंतर दीड वर्षानं तुम्ही गेलात. मधे मी पाच-सहा वेळा येऊन गेले, दर वेळी जिन्यात ठरवून येत असे की आज सांगायचं, आणि दर वेळी तेवढ्यात कुणीतरी यायचं, किंवा तुम्ही दमलेले असायचात, किंवा असं काहीही नसायचं. शेवटच्या खेपेला तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होता. काकूंना सांगून पट्ट्यांचा पत्र्याचा डबा आणवलात आणि माझ्या हातात दिलात. "लावत जा," एवढंच. मला वाटलं आठवण म्हणून देताय. निघताना मी वाकले तर डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "आवजो. येत जा." काकू पुढे मुलाकडे पुण्याला गेल्या, त्याही आता नाहीत. सांगण्यासारखं जे कुणी होतं ते संपलं.

शनिवारी वही उघडली तेव्हा त्या पानात तीच झेरॉक्स निघाली, चार घड्या घातलेली. म्हणजे पेपर वाचल्यावर तुम्ही डिपार्टमेंटमध्ये जाऊन माझी वही काढली होतीत. पानावरची दुसरी पट्टी आता बदामी पडलीय, इतक्या वर्षांत हवेनंच तिचं ऑक्सिडेशन केलं. दुसऱ्या पानांवरच्या पट्ट्या पाहिल्या, प्रत्येकीवर तो सुरकुतलेला गोल आहे. हिच्यावर नाही. कधी थेंब लागलाच नव्हता तिला. तुम्ही इतक्या पट्ट्या स्वतः केल्यात, तुम्हाला ते पहिल्याच शनिवारी दिसलं असतं, पण तेव्हा तुम्ही पट्टी पाहिलीच नाहीत, माझं लिहिलेलं वाचलंत. नंतर पाहिलीत. निळ्या सहीच्या खाली पेन्सिलीनं तीन छोटी वाक्यं आहेत, तुमच्या अक्षरात. "पट्टी कोरी आहे. त्या दिवशी तिच्याकडे पाहुणे येणार होते. घाई झाली असेल."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पट्ट्यांचा डबा दिलात, डोक्यावर हात ठेवलात तेव्हा माहीत होतं. पाच-सहा खेपा मी समोर बसून चहा पीत होते आणि तुम्ही वाट बघत होता, की मी बोलेन. मी शनिवारपासून रडतेय सर. ऑफिसात जातेय, हाताखालच्या मुलांना बॅच समजावतेय, आणि घरी आले की ही वही उघडून बसतेय.

पण घाई झाली नव्हती. वर मी तसं लिहिलंय, इतकी वर्षं स्वतःलाही तसंच सांगत आले, आणि तुम्हीही माझ्यासाठी तेच कारण शोधलंत. दीड वाजता मी प्लेट पाहिली होती. काम जवळजवळ झालं होतं, मूळ पदार्थाचा एक फिकट ठिपका तेवढा उरला होता. तुम्ही शंभरदा सांगितलं होतंत की तेवढं उरू द्यायचं, हाव करायची नाही, थांबवायचं. हायपोची बाटली माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली आणि आणखी एक मिली ब्लीच घातलं. म्हटलं, सर जुन्या वळणाचे, भित्रे आहेत. थोडा वेळ फिरू दे, उद्या त्यांना पूर्ण झालेलं दाखवू. मग कँटीनमध्ये शांतपणे चहा प्यायले, पावणेतीनला घरी पोचले, आणि पाहुणे तर साडेचारला आले.

तुम्ही मला जे माफ केलंत ते मी केलंच नव्हतं. जे केलं त्याची माफी आता मागायची कुणाकडे. हे पत्र त्याच पानात ठेवणार आहे, झेरॉक्सच्या घडीत. तुमचं तिसरं वाक्य, ते घाईचं, पेन्सिलीतलं आहे, खोडून खरं लिहिता येईल, म्हणून खोडरबर घेऊन बसले होते मघापासून. मी ते खोडलं नाही सर. राहू दिलंय.