ताईचं नक्षत्र

अण्णा, परवा भाजी निवडता निवडता माझ्या मुलीने मला विचारलं, मावशी कशाने गेली होती? आजवर तिला कावीळच सांगितली होती. गावात आपण सगळ्यांना तेच सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की पुढे पुढे आई बायकांना त्या काविळीची लक्षणंही सांगायला लागली. या वेळी मी खरं सांगितलं. मुलगी म्हणाली, आजोबांना कळलं होतं का, त्यांचं काय चुकलं ते? तिच्या आणि माझ्या मध्ये मेथीची जुडी पडलेली, आणि मी नुसती देठं मोडत बसले. म्हणून आता तुम्हालाच लिहिते आहे.

डिंभ्याच्या शाळेत तुम्ही मास्तर होता, पण शिनोलीत आणि आजूबाजूच्या गावांत तुमची ओळख पत्रिका बघणारे गुरुजी म्हणूनच होती. रविवारी सकाळपासून ओट्यावर माणसं बसायची. जुन्नरहून, घोडेगावहून, पार पारगावकडून यायची. पोराची पत्रिका एका हातात, पोरीची दुसऱ्या. पुष्कळांकडे पत्रिका नसायचीच, नुसती आठवण असायची. कारखान्याचा दुसरा भोंगा झाला आन् पोरगी झाली. गुरं सोडायची येळ व्हती. डिंभ्याची गाडी नुकतीच गेली व्हती. तुम्ही शांतपणे विचारायचात, कोणत्या साली, कोणत्या महिन्यात, तेव्हा गाडी किती वाजता यायची, त्या दिवशी वेळेवर आली होती का. मग पंचांग उघडायचं. मी सातवीत असल्यापासून तुमच्या कच्च्या कागदावरून पक्की प्रत उतरवत होते, कारण माझं अक्षर बरं होतं. एकदा घाईत मी रेघा तिरप्या मारल्या तेव्हा तुम्ही कागद फाडून पुन्हा माझ्यासमोर ठेवलात. म्हणालात, "नीट काढ. यावर दोन माणसांचा जन्म जाणार आहे." तुमचा आवाज चढला नव्हता. तरी मला रडू आलं.

तुम्ही कोणाला फसवलं नाहीत, हे मी आजही म्हणेन. दुसरे लोक जन्मवेळ अर्धा तास इकडे-तिकडे सरकवून गुण जमवून द्यायचे. तुमच्यापुढे कोणी तसं बोललं तर तुम्ही पंचांग मिटून टाकायचात. तुमचा त्या शास्त्रावर विश्वास होता, आणि लोकांचा तुमच्यावर.

ताईला पहिलं स्थळ आलं ते डिंभ्याचं. मुलगा धरणाच्या पाटबंधारे कचेरीत होता, घरी थोडी भातशेती. ताईने त्याला तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहिलं होतं, खुर्च्या लावताना. तिने मला एवढंच सांगितलं की तो खुर्च्या ओढत नव्हता, उचलून ठेवत होता. त्याच्या घरच्यांनी पत्रिका पाठवली. तुम्ही दुपारचं जेवण झाल्यावर बसलात, आणि चहाच्या वेळेपर्यंत उठला नाहीत. बाकी सगळं जुळत होतं. पण दोघांची नाडी एक आली. त्याचं पुष्य, ताईचं मृग, दोन्ही मध्य नाडीची. एका नाडीत लग्न केलं तर रक्ताला दोष लागतो, संतती टिकत नाही, एक जण लवकर जातो, असं तुम्ही आईला समजावून सांगत होता. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने तवा उतरवला आणि म्हणाली, "गाडी यायच्या आधीच झाली व्हती ती. मी तिला पाजून निजवली व्हती. तुमी आला आन् ती परत रडली, ते तुमी ऐकलं."

कारण तुम्ही ताईची जन्मवेळ धरली होती ती तुमच्या गाडीवरून. त्या संध्याकाळी तुम्ही डिंभ्याहून उतरलात, दारात आलात आणि आतून रडणं ऐकू आलं. तेच पहिलं रडणं, असं तुम्ही समजलात. आणि त्या संध्याकाळी तासाभरात नक्षत्र बदलत होतं. आईचं खरं मानलं तर ताई रोहिणीची, नाडी वेगळी, काही अडचणच नाही. तुमचं खरं मानलं तर मृगाची. तुम्ही म्हणालात, बाळंतिणीला वेळेचं भान नसतं. सुईण तोवर वारली होती. आणखी कोणाला विचारणार? शिवाय वेळ सरकवून गुण जमवणाऱ्यांतले तुम्ही नव्हता, आणि ते स्वतःच्या मुलीसाठी तर मुळीच करायचं नाही, हा तुमचा हट्ट होता. डिंभ्याला नकार गेला. ताईने त्या आठवड्यात घरातले सगळे डबे घासून काढले.

वर्षभराने पारगावकडचं स्थळ आलं. मुलगा कारखान्यात कामाला, ऊसतोडीच्या टोळ्या ठरवायला दरसाल लांबच्या जिल्ह्यांत जाऊन दोन-तीन महिने राहणारा. उसाची बागायत, पक्कं घर. गुण आले अठ्ठावीस. तुम्ही दोनदा मोजलेत. पक्की प्रत मीच काढली, लाल शाईने चौकट, खाली अठ्ठावीस. लग्नात मुलाकडचा एक म्हातारा तुमच्या पाया पडला आणि म्हणाला, गुरुजी, एवढे गुण आमच्या भावकीत कोणाचे जुळले नाय. तुम्ही संकोचून हसलात. तुमचं ते हसू माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दोन वर्षांनी ताई एकटीच आली. पिशवीत दोन साड्या होत्या. मी तेव्हा मंचरला कॉलेजात जात होते. नवऱ्याला महिनोन् महिने ताप येतो, तोंडात फोड येतात, वजन उतरलंय, डॉक्टर पुण्याला जा म्हणतात तर तो जात नाही, आणि घरात सगळे माझ्यावरच चिडतात, असं ती सांगत होती. मूल नाही म्हणून सासू बोलायची ते वेगळंच. ती म्हणाली, "अण्णा, मला थोडे दिवस इथं राहू द्या." तुम्ही आधी तिची पत्रिका मागितलीत. ती समोर बसली आहे, तिचे डोळे खोल गेलेत, आणि तुम्ही कागदावर बोट ठेवून दशा बघताय. मला आजही ते डोळ्यांपुढे घडताना दिसतं. राहूची अंतर्दशा आहे, अकरा महिने काढ, पुढे गुरू चांगला आहे, असं तुम्ही म्हणालात. पाचव्या दिवशी तुम्ही स्वतः तिला गाडीत बसवून आलात. तिने खिडकीतून हात केला का, असं मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, गाडीत गर्दी होती.

अकरा महिने व्हायच्या आत तो गेला. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात शेवटी रक्त तपासलं तेव्हा आजाराचं नाव कळलं, आणि मग ताईचंही तपासलं. तिच्याही रक्तात तोच विषाणू निघाला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दीर तिला आपल्या दारात सोडून गेला. खाली न उतरता, मोटारसायकल सुरूच ठेवून तुम्हाला म्हणाला, "तुमची पोरगी पांढऱ्या पायाची निघाली गुरुजी. पत्रिकेत लपवलं तुमी." एवढी वर्षं लोकांच्या पत्रिका तोलून धरणारे तुम्ही त्याला पाणी घेता का असं विचारलंत.

ताई आणखी चौदा महिने होती. मागच्या खोलीत, भाताच्या कणग्या होत्या तिथे. तेव्हा यावर औषध होतं, पण आपल्या आवाक्याबाहेरचं. पुढे काही वर्षांनी तेच सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला लागलं. आई तिचं ताट वेगळं ठेवायची. आजी जिवंत असती तर तिनेही तसंच केलं असतं, गावातल्या कोणीही केलं असतं. फक्त तुम्ही तसं केलं नाहीत. पुण्याच्या डॉक्टरने बरोबर जेवल्याने काही होत नाही असं सांगितलं होतं, ते तुम्ही एकदाच ऐकलंत आणि मानलंत. तुम्ही तिच्या खोलीत आपलं ताट घेऊन जायचात, आणि तिला चार घासांवर जेवण जाईना म्हणून उरलेली भाकरी तिच्या ताटातून उचलून खायचात. आई दारात उभी राहून तोंडाला पदर लावायची. ताई म्हणायची, अण्णा, नका ना. तुम्ही म्हणायचात, लहानपणी तू माझ्या ताटात जेवायचीस तेव्हा मी नको म्हटलं होतं का.

ती गेल्यावर महिन्याभराने मी कॉलेजातून आले तर तुम्ही ओट्यावर कागद पसरून बसला होता. मला वाटलं कोणाचं काम आहे. जवळ गेले तर ताईची पत्रिका. नवी, आईने सांगितलेल्या वेळेवरून मांडलेली. बाजूला डिंभ्याच्या त्या मुलाचीही. तुम्ही वर न बघता म्हणालात, "रोहिणीच होती गं. तिची आई म्हणत होती तेच खरं." आणि मी, एकवीस वर्षांची, तुमच्यापुढे कधी मान वर न केलेली, म्हणाले, "रोहिणी असती काय आणि मृग असतं काय. ताईला ज्याचं रक्त तपासलंय असा नवरा हवा होता. आणि ती राहू द्या म्हणाली तेव्हा राहू द्यायला हवं होतं." तुम्ही कागद गोळा केलेत. कडा जुळवून, एकावर एक. मला वाटलं तुम्ही माझ्यावर हात उचलाल. मला तेच हवं होतं. तुम्ही फक्त म्हणालात, "हो."

त्यानंतर पत्रिका बघणं तुम्ही सोडून द्याल असं मला वाटलं होतं. सोडलं नाहीत. पुढच्याच रविवारी जुन्नरच्या बाजूचे एक बागायतदार मुलीची पत्रिका घेऊन आले. तीस गुण जुळत होते. ते उठायला लागले तेव्हा तुम्ही विचारलंत, मुलाचं रक्त तपासलंय का? मुलीचंही तपासून घ्या. त्या माणसाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "आमी सोयरीक जमवायला आलोय राव, दवाखान्यात न्हाई." तुम्ही तरीही कागदाच्या तळाशी ते लिहून दिलंत, दोघांचे रक्त तपासून घ्यावे. त्या दिवसापासून प्रत्येक कागदावर. माझ्याकडून प्रत काढून घ्यायचं तुम्ही बंद केलं होतं, सगळं स्वतः लिहायचात. चार-सहा महिन्यांत ओटा रिकामा झाला. ज्याच्या घरात असला आजार, तो आपल्या पोरापोरींवर संशय घेतो, असं लोक बोलायचे. कावीळ म्हणून आपण सांगत होतो, पण तुमच्या त्या एका ओळीनेच सगळ्यांना कळलं काय होतं ते. आई तुमच्यावर चिडायची, झाकलेलं तुमीच उघडं पाडताय म्हणून. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि पुढच्या कागदावर पुन्हा तेच लिहायचात. शेवटच्या तीन वर्षांत, मला वाटतं, मोजून आठ-दहा माणसं आली असतील. त्यातल्या किती जणांनी रक्त तपासलं मला ठाऊक नाही. कदाचित एकानेही नाही.

माझं लग्न तुम्ही पत्रिका न बघता लावून दिलंत. त्याआधी होणाऱ्या जावयाला घेऊन स्वतः मंचरच्या लॅबमध्ये गेलात, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्याआधी स्वतःचाही हात पुढे केलात. हे त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. तोवर तुम्ही गेला होता.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला असं द्यावं लागेल. आजोबांना कळलं होतं, फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर त्यांनी त्याची किंमत दिली. पण ते मी तिला अजून सांगितलेलं नाही, कारण ते सांगितलं की ती पुढचा प्रश्न विचारेल. तू तेव्हा काय करत होतीस?

मी विज्ञान शिकत होते, अण्णा. तो आजार कशाने होतो आणि कशाने होत नाही, हे आपल्या घरात मला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, परीक्षेत मी ते लिहूनही आले होते. ताई गेली त्या दुपारी तुम्ही शाळेत होता आणि आई ओढ्यावर. ताईने पाणी मागितलं. माझ्या हाताशी पाण्याचा तांब्या आणि माझा पेला होता, मी त्यातूनच नुकतं पाणी प्यायले होते. मी तो पेला तिथेच ठेवला आणि तिचा वेगळा पेला शोधायला स्वयंपाकघरात गेले. तो खालच्या फळीवर नव्हता, बाहेर घासायला पडला होता. मी तो घासला, विसळला, भरून आणला. तेवढा वेळ लागला.

तुम्ही घरी आल्यावर विचारलंत, शेवटी काही मागितलं का तिने? मी नाही म्हणाले.