अहवालातली दुसरी ओळ

अण्णा, तुमच्या फोटोला मी कित्येक वर्षं हार घातलेला नाही. लोकांना वाटतं, गुडघ्यांमुळे बाईला स्टुलावर चढवत नाही. गुडघे ठणठणीत आहेत.

मागच्या महिन्यात माझी नात लातूरच्या क्लासच्या होस्टेलातून न सांगता निघून गेली. उदगीरच्या स्टेशनवर भजी खाताना सापडली, पण तोवरच्या चार तासांत माझ्या छातीवर जातं ठेवल्यासारखं झालं. इथं नांदेडला डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर माझं हृदय दाखवलं. नळ्या साफ, पण खालचा भाग मडक्यासारखा फुगून गप्प बसलेला. म्हणाल्या, "धसक्यानं होतं असं, मॅडम. सोंग नाही हे. आराम केला की बहुतेक वेळा सुधारतं."

आराम केला की. भूकंपाच्या त्या आठवड्यात आपण लातूरच्या घरापुढं ताडपत्रीखाली राहतोय. मावशी तिच्या गावी दगडमातीच्या भिंतीखाली गेली, हे कळल्यापासून आई छाती धरून बसलेली. "दाबायलंय हो इथं." तुम्ही म्हणता, "भिंत पडली तिकडं अन् छाती दुखायली इकडं? ओवा खा." तुमच्या क्लाससाठी आपल्याकडे राहणाऱ्या बारा पोरी भीतीनं गावी पळालेल्या, त्यांना तुम्ही निरोप धाडून परत बोलावलंत. मेरिट लिस्ट कुणासाठी थांबत नाही म्हणे! फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढत होतात, आणि पाच हातांवर चुलीपाशी बसलेल्या बाईकडे तुमची पाठ होती.

शेवटी मामानं भांडून तिला हैदराबादला नेलं. तुमचं सगळं शिकवणं मराठीतलं; परत आल्यावर इंग्रजी अहवाल तुम्ही माझ्यापुढं टाकलात. "वाच. नन्सच्या शाळेत घातलं ते कशाला?" मी वाचलं, हृदयाच्या नळ्या साफ आहेत. तुम्ही टाळी वाजवलीत. "ऐका गं पोरींनो, नळ्या साफ! सोंगाला औषध नसतं." दुसऱ्या दिवशी आई पुन्हा पंधरा जणांच्या भाकरी थापत होती. पाचव्या दिवशी परातीवरच कोसळली. तुम्ही येईल त्याला सांगत सुटलात, "भूकंपानं नेली." भूकंपानं नाही अण्णा, तुम्ही नेलीत. तुमच्या दहाव्याला कावळा लवकर शिवेना, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

पण अहवालात दुसरी ओळ होती. हृदयाचा खालचा भाग जेमतेम हलतो, कष्टाचं काम देऊ नये. ती मला वाचता आली होती. आई झोपून राहिली असती तर त्या भाकऱ्या माझ्या गळ्यात पडल्या असत्या, आणि सोमवारी मला नांदेडच्या ऑफिसात रुजू व्हायचं होतं. मी कागदाची घडी घातली आणि तुमच्या हातात दिली.

हे पत्र तुमच्या फोटोमागं खोचणार होते. पण शेजारी आईचा फोटो आहे, त्यामागं खोचते. तिला इंग्रजी येत नव्हतं. मराठी येतं.