मुखेडचा माठ

लातूर, रविवार, सायंकाळ

वसुधा गोविंदराव जाधव, आज तुझी विष्णुपुरीची खोली रिकामी केली. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकेने भाड्याच्या खोलीत गावोगावचे माठ का साठवावेत, हे नवरा असून मी तुला कधी नीट विचारलेही नाही. सुतकानंतर मातीची भांडी ठेवू नयेत, म्हणून घरमालकीण शेवंताबाईंना म्हणालो, "हे सारे फोडून टाका."

त्यांनी मुखेडचा माठ तेवढा बाजूला घेतला. "सर, याच्यातलंच पाणी जास्त गार का व्हतं, ते बाई शोधून राहिल्या होत्या. हा तरी घेऊन जा."

"एसटीत मांडीवर माठ? लोक काय म्हणतील?"

"बाईनं मुखेडहून तसाच आणला की. कंडक्टर म्हणला, लेकराचं अर्धं तिकीट काढा. बाईनं खरंच काढलं." त्या हसल्या, मग पदराने डोळे टिपले.

मला मान वर करवेना. तुझा शोध फोडायला मीच सांगितले, आणि वर लोकांची काळजी? तू गेल्यावरही तुझ्या माठाचा संकोच वाटावा? असा कसा मी? आज दुःखापेक्षा लाजच अधिक वाटत आहे.

लातूरला येताना एसटीत माठ माझ्या मांडीवर होता. कंडक्टरने काहीच विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

त्याआधी, विष्णुपुरीहून निघताना, खोलीला कुलूप लावले आणि किल्ल्या शेवंताबाईंना परत केल्या. तेवढ्यापुरताच माठ खाली ठेवावा लागला; नंतर घरापर्यंत तो खाली ठेवला नाही.