भुताच्या बंगल्यातली बिजागरी

आई, काल गुरुवार होता आणि मी भुताचा सिनेमा बघून आलो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असा सिनेमा बघितला की पहिलं तुलाच सांगावंसं वाटतं.

आपल्याकडच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची आणि नवा सिनेमा लागतो शुक्रवारी. त्यामुळे साऱ्या पुण्याचं बघून झालं की शेवटच्या दिवशी आपली पाळी यायची. तोवर निघोजेच्या तुझ्या कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटता लाटता कुणीतरी शेवट सांगून टाकलेला असायचा. तुझं त्यानं काही बिघडायचं नाही. दुपारच्या शोला हॉल कंपनीवाल्यांनी भरलेला, पडद्यावर बाई किंचाळतेय आणि मागच्या रांगेत थर्ड शिफ्ट करून आलेला कुणीतरी खुशाल घोरतोय. लोक त्याच्यावर खेकसले की तू मान वळवून म्हणायचीस, "झोपू द्या की त्याला. लई दमलाय."

भुताला तू कधी घाबरली नाहीस. मी तुझ्या पदरात तोंड खुपसून बसलेला आणि तू पदर सोडवत खुदखुदतेस, "एवढा मोठा बंगला, अन् बिजागरीला थेंबभर तेल न्हाई! असल्या घरात भूत यायचंच की." घरी आलं की तू खरोखर वाटीत खोबरेल घेऊन आपल्या स्वयंपाकघराच्या दाराला घालायचीस. प्रत्येक भूतपटानंतर हा कार्यक्रम ठरलेला. अख्ख्या पिंपळे गुरवात आपल्याइतकं गुपचूप उघडणारं दार दुसरं नसेल.

मारामारी मात्र तुला बघवायची नाही. एकदा हिरोनं गुंडाला काच फोडून गच्चीवरून खाली फेकलं. हॉल शिट्ट्यांनी दणाणला, मीही खुर्चीवर उभा राहिलो आणि बघतो तर तू डोळे गच्च मिटून बसलेली. मी म्हणालो, "आई, खोटं असतं गं ते." तू माझा हात धरून मला खाली ओढलंस. "भूत खोटं असतंय. पडणारा माणूस खराच पडतोय की. कुणाचं तरी लेकरू हाय ते. गप खाली बस." तेव्हापासून हिरो माझ्या लक्षातच राहत नाही. मी बघतो तो पडणारा, ज्याचा चेहरासुद्धा दाखवत नाहीत तो. केवढ्या उंचावरून स्वतःला सोडून देतो तो माणूस! मग वाटत राहतं, उठला असेल ना, घरी जाऊन जेवला असेल ना. एवढ्या गोंगाटात तुला तो एकटा कसा दिसला, याचं मला आजही नवल वाटतं.

आता हॉलमधली खुर्चीसुद्धा थरथरते, आई. आवाज तळपायातून वर चढतो. कालच्या सिनेमात एक मेलेली आई परत येते. स्वयंपाकघराचं दार करकरत उघडतं आणि ओट्यापाशी ती पाठमोरी उभी. सगळा हॉल किंचाळला. शेजारच्या मुलीचे पॉपकॉर्न माझ्या मांडीवर सांडले. माझ्याही अंगावर सर्रकन काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. मला वाटलं, केवढं भाग्य या घराचं! आई आलीय ना परत? मग पळताय काय, तिला बसायला तरी द्या. शेवटी मांत्रिकानं तिला घालवून दिलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. भूतपटात असं काही मागण्यासारखं असतं, हे तू होतीस तोवर मला कुठे ठाऊक होतं.

तू गेल्यापासून आपलं दारही करकरायला लागलंय. आज सकाळी डबा भरताना तुझी सून म्हणाली, "अहो, त्या दाराला तेवढं तेल घाला ना. भुताच्या बंगल्यासारखं वाजतंय."

"गुरुवारी घालतो," मी म्हणालो.

"कालच तर गुरुवार झाला!"

खोबरेलची बाटली फळीवर हाताशीच आहे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तेव्हा घडी करून तिच्याखालीच ठेवीन. तुझ्या सुनेला काय ते पुढच्या गुरुवारचं सांगेन. तुला मात्र खरं सांगतो. दार वाजलं की मी अजून वळून बघतो. तेल मी घालणार नाही, आई.