मुद्राशोधन

प्रिय चिमणे,

तुझ्या आईला जाऊन दुसरा महिना संपत आला. घर व्यवस्थित आहे. कुंड्यांना पाणी घालतो, दूध उतू जाऊ देत नाही. छापखान्यातून मुद्रिते येतात, ती तपासतो. माणसांपेक्षा कागद बरा म्हणून हा व्यवसाय मी पत्करला, हे तू जाणतेस. समोरचा चेहरा नुसता गप्प असला तरी मला त्यावर राग दिसतो, आणि कोणी हसले तर ते मलाच हसले असे वाटते. तुझी आई म्हणायची, "जन्मभर मुद्रितशोधन केलंत, पण मुद्रा काही तुम्हाला वाचता येत नाही!"

टपाल कचेरीतल्या कारकुनाने तोंड वाकडे केले, की ती माझ्या कानाशी कुजबुजे, "अहो, त्याची दाढ दुखतेय. तुमच्यावर चिडायला त्याला फुरसत कुठाय?" परवा मी एकटाच गेलो. कारकुनाने भुवया उंचावल्या. तरी मी रांग सोडली नाही. "काका, पत्ता अर्धाच लिहिलाय," एवढेच तो म्हणाला.

हा स्वभाव तू माझ्याकडूनच घेतलास. शाळेत बाईंनी सहज पाहिले, तरी तू रडत घरी यायचीस. आणि जेवताना आई आपल्या दोघांमध्ये दुभाषी होऊन बसे: "बाबा रागावले नाहीत गं, ऐकताहेत." आता मध्ये कोणी नाही.

काल तुझा मामा आला होता. चहा ढवळत म्हणाला, "भाऊजी, पोरीशी अबोला कशाला धरलात? ती म्हणते, मला हॉस्पिटलात पोचायला उशीर झाला, तेव्हा बाबा असे बघत होते, की पायाखालची जमीनच सरकली." मला तर तुझ्याच कपाळावर आठी दिसली होती. बाबांनी आईकडे वेळीच लक्ष दिले नाही, असे मी त्या आठीत वाचले. म्हणून मी फोन केला नाही, आणि तूही केला नाहीस. जे छापलेलेच नाही ते वाचणे, ही आमच्या कामातली सर्वांत मोठी चूक. ती आपण एकमेकांच्या चेहऱ्यांवर केली.

आता शुद्ध पाठ देतो. तुला पाहताच हुंदका दाटून आला, म्हणून मी दात आवळले होते. तुला उशीर झाला, याचा राग माझ्या मनाला शिवलादेखील नाही.

फोनवर माझी जीभ अडखळते, म्हणून हे आधी लिहून कळवतो आहे: शनिवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येत आहे. तेव्हाही मी दगडासारखाच दिसेन. माझ्या तोंडाकडे बघून तर्क करू नकोस, सरळ विचार. मीही विचारेन. दार उघडताना तुझा चेहरा मला काहीही सांगो, मी उंबरठ्यावरून माघारी फिरणार नाही.

तुझाच,
बाबा